ठमाईने पाठीवर घेतलेलं घर

खांबाला टेकताय ना? टेका, पण आधी त्यावर एक बुक्की मारून बघा. आपल्या खैरवाडीत ही रीत कुणामुळे पडली, ते आज सांगते. मध्येच कुणी उठायचं नाही, सांगून ठेवते.

आपल्या आजीच्या आजीला दुधाचे दात होते, तेव्हाची गोष्ट. गावात ठमाई नावाची सुईण होती. बाई धिप्पाड, आणि आवाज असा की ती ओट्यावर बोलली तर ओढ्यापलीकडची म्हैस मान वर करायची. कान मात्र फार हळुवार. पोटाला कान लावला की आत बाळ कोणत्या कुशीवर झोपलंय ते सांगायची, असं म्हणतात.

गावातच राहीबाई शेलार राहायची. तिच्या सारवणाचा पंचक्रोशीत बोलबाला. भिंतीवर मातीची बारीक रेघ उमटली की राहीबाई शेणाचा हात फिरवून बुजवायची. पुन्हा उमटली, पुन्हा बुजवायची. अगं बाई, ती रेघ म्हणजे वाळवीची वाट! मागच्या भिंतीला सरपणाची रास, शेजारी न्हाणीचं पाणी मुरतंय, वर सारवणाचं पांघरूण. वाळवीचं अगदी माहेरपण चाललं होतं, आणि राहीबाईला वाटायचं घर किती स्वच्छ!

तिची सून अनसूया पहिलटकरीण. भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. ठमाई आली, घटकाभर मधल्या खांबाला टेकून बसली आणि दचकलीच. तिने खांबाला कान लावला, बोटाने टकटक केलं. आतून सळसळ ऐकू आली.

"राहे, तुझा खांब पोटुशी आहे गं!" ठमाई ओरडली. "आत लाखांनी पोरं खेळतायत. घर खाली येईल. सुनेला अंगणात घे."

"बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर? मी जिवंत असेपर्यंत नाही," राहीबाई फणकारली. "आणि माझ्या घराला नावं ठेवू नकोस."

ठमाईने खांबावर नख मारलं. सारवणाची खपली निघाली. आत खांब नव्हताच, नुसती माती आणि पांढऱ्या किड्यांची झुंबड. तेवढ्यात वरची तुळई करकरली. अनसूया "आई गं!" म्हणून किंचाळली. आता तिला हलवायची सोयच उरली नाही, बाळाचं डोकं दिसत होतं.

मग ठमाईने पदर खोचला आणि तुळईखाली जाऊन उभी राहिली. त्या क्षणी ती हातभर उंच झाली आणि अख्खं घर तिने पाठीवर घेतलं, असं म्हणतात.

"राहे, बाळ तू धर!"

"मला नाही येत गं!"

"भाकऱ्या थापतेस ना? मग येतं. अनशे, लाव जोर! शाब्बास माझी वाघीण!"

पाठीवर घर आणि तोंडाने बाळंतपण! राहीबाईच्या हातांत बाळ आलं आणि असं रडलं की शेजारणी धावत आल्या. त्यांनी अनसूयेला उचललं. राहीबाईने बाळ ओच्यात घेतलं आणि जो उंबरा आडवा घातला होता, तो स्वतःच ओलांडला.

सगळ्यांत शेवटी ठमाई निघाली. तिचं पाऊल अंगणात पडलं आणि मागे घर धप्पकन बसलं. धुरळ्यात ती शिंकली आणि म्हणाली, "मेल्यांनो, मुलगा की मुलगी ते तरी सांगा!"

"मुलगी," राहीबाई हसता हसता रडायला लागली. "चुकलं गं माझं, ठमे."

नवं घर बांधलं तेव्हा खांब दगडावर चढवले, त्यांच्या पायांना बिब्ब्याचं तेल चोपडलं. सरपण भिंतीपासून लांब गेलं, न्हाणीचं पाणी केळीला गेलं. राहीबाईने भिंतीच्या पायाशी वीतभर पट्टी कोरी ठेवली, रेघ उमटली तर दिसावी म्हणून. आणि बारशाला आत्या म्हणून ठमाईलाच बसवलं.

आजही आपल्याकडे ती कोरी पट्टी सोडतात, ठमाईची पट्टी म्हणतात तिला. बारशाला आत्या आधी खांबाला कान लावते, सिमेंटचं घर असेल तर दाराच्या चौकटीला. तेवढा वेळ सगळं घर चिडीचूप. मग आत्या म्हणते, "गप्प आहे!" आणि बाळाच्या कानात "कुर्र" करते, तशा सगळ्या जणी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालतात. दुसऱ्या गावांतही घालतात, पण का ते त्यांना ठाऊक नाही. आम्ही पाठ वाजवून बघतो. वेळ आली तर घर पेलायला हवं ना तिने!