झिपऱ्याचं अंडं

बंदुकीत दारू ठासून भरायचे, तेव्हाची ही गोष्ट. एका शिकाऱ्याकडे हौशी नावाची म्हातारी कुत्री होती आणि झिपऱ्या नावाचा तरणा कुत्रा. पडलेला पक्षी तोंडात धरून मालकाच्या हातात द्यायचा, हे हौशीचं काम. झिपऱ्याला शिकारीला कधी न्यायचं, हेही मालकाने तिच्यावरच सोडलं होतं.

"मावशी, मी तयार आहे!" झिपऱ्या रोज भुंकायचा.

शेवटी हौशी म्हणाली, "कोंबडीचं एक अंडं आण बघू. फुटता कामा नये."

झिपऱ्या धावत गेला आणि अख्खं अंडं तोंडात धरून आला.

"झालास का तयार?" हौशीने विचारलं.

"झालो की!" झिपऱ्या म्हणाला, आणि अंडं दगडावर पडून फुटलं.

कोंबडीने अंगण डोक्यावर घेतलं. हौशी म्हणाली, "जखमी तितर असता, तर एव्हाना झुडपात पसार झाला असता. यंदा तू घरीच."

पुढच्या हिवाळ्यात झिपऱ्याने पुन्हा अंडं आणलं.

"झालास का तयार?"

झिपऱ्या गप्प. कोंबडी शिव्या घालत त्याच्याभोवती फिरली, तरी गप्प. मालकाने हात पुढे केला, तेव्हा कुठे त्याने अंडं अलगद तळव्यावर ठेवलं.

"हे उत्तर बरोबर," हौशी म्हणाली. "चल, निघू."