दोन रिमोट, एक महाराज

त्या दिवशी उंबरगडावर दाट धुकं उतरलं होतं. हवा अशी दमट, की मिठाला पाणी सुटलं आणि महाराज उदाजीरावांचा लाडका जुना व्हिडिओ गेम बंद पडला! पडद्यावर नुसत्या रेघा. महाराजांनी कॅसेट काढून फुंकली, दिवाणजींनी फुंकली, शेवटी पहारेकऱ्यानंही फुंकली. रेघा काही हलेनात.

"बोलवा त्या हैबतीला!"

म्हातारा हैबती राजवाड्याच्या देवडीत बसून जुने रेडिओ, जुने गेम दुरुस्त करायचा. त्याच्या हाताला घाई म्हणून ठाऊक नव्हती, बरं का. कॅसेट डोळ्यांजवळ धरून तो म्हणाला, "फुंकून फुंकून थुंकी गेलीय आत, महाराज. गंज त्यानंच चढतो."

त्यानं कॅसेटचे तांब्याचे दात खोडरबरानं घासले, यंत्रातली धूळ झटकली. हात लागलाच आहे, तर दिवाणजींचा रिमोटही उघडला. त्याच्या बटणाखालचं रबर केव्हाच मरून गेलं होतं. तेही बदललं.

गेम झकास सुरू झाला. कुस्तीचा गेम. तांबडा पैलवान महाराजांचा, निळा दिवाणजींचा. घंटा वाजली आणि निळ्यानं तांबड्याला उचलून असा आपटला, की महाराज गादीवरून अर्धे उठले!

"दिवाणजी! हे काय?"

"मी... मी रोजच्यासारखंच बटण दाबलं हो, महाराज! आजवर कधी काही झालं नव्हतं!"

"हैबती, तू गेम बिघडवलास! मी जन्मात कधी हरलो नव्हतो!"

"बिघडवला नाही, महाराज, बरा केला. म्हणाल तर ते मेलेलं रबर परत बसवतो."

"म्हणजे मी लबाडीनं जिंकायचं? खबरदार! यंत्र धडधाकटच राहिलं पाहिजे. कुणी मुद्दाम हरायचं नाही. आणि तरीही उंबरगडात मला हरवणारा दुसरा माणूस निघता कामा नये! दिवस मावळायच्या आत जमव, नाहीतर देवडी खाली कर!"

दिवाणजी हळूच म्हणाले, "हैबतीबुवा, गाशा गुंडाळा."

देवडी गेली तर म्हाताऱ्यानं कामाला बसायचं कुठं? हैबतीनं डोकं खाजवलं. मग दिवाणजींच्या हातातला रिमोट अलगद काढला आणि महाराजांच्या पुढ्यात ठेवला.

"खेळा महाराज. उजव्या हातानं तांबडा, डाव्या हातानं निळा. डाव्यानं मुद्दाम हार खाल्ली, तर त्याचा कान तुम्हीच पिळा!"

महाराज खेळायला बसले. उजवा डाव टाकी, डावा तो उलटवी. महाराजांना घाम फुटला, मुंडासं कानावर आलं. शेवटी निळ्यानं तांबड्याला चीत केलं!

"हरलो!" महाराज ओरडले. "हैबती, मी हरलो!"

"कुणी हरवलं, महाराज?"

महाराजांनी डाव्या हाताकडे पाहिलं.

"उंबरगडात तुम्हाला हरवणारा एकच माणूस आहे," हैबती म्हणाला, "आणि तो गादीवर बसलाय. दुसरा दाखवा, मी देवडी सोडतो!"

महाराज असे हसले, की दोन्ही रिमोट मांडीवरून घरंगळले. अंगावरचा शेला त्यांनी हैबतीच्या खांद्यावर टाकला, देवडी त्याच्या नावे कायमची करून दिली. दिवाणजी तेवढे हिरमुसले. इतक्या वर्षांनी बटण जिवंत झालं आणि रिमोटच गेला!

शेला पांघरून हैबती घरी आला, तर शेजारची शेवंताकाकू दारातच उभी. म्हणाली, "शेला छान आहे रे, पण आधी आमच्याकडे चल! दोघी सुना टीव्हीच्या एका रिमोटला दोन्ही बाजूंनी धरून बसल्यात!"