चौथीच्या वर्गातली शेळी

"मग वाचनाचा तास मला देणार ना, गुरुजी?"

श्रीरंगने पुन्हा विचारलं. आबनावे गुरुजी महिनाअखेर निवृत्त होणार होते. श्रीरंग त्यांचाच जुना विद्यार्थी, आता त्याच शाळेत नवा मास्तर. वक्तृत्वाच्या ढाली त्याच्या घरी फळीवर मावत नव्हत्या. बाकीचे तास कुणीही घ्यावेत, गुरुजींचा वाचनाचा तास मात्र त्याला हवाच होता. त्या तासासाठी मुलं ताप अंगावर काढून शाळेत येत.

"वाचून दाखव," गुरुजी म्हणाले आणि चौथीच्या मुलांत मांडी घालून बसले.

गोष्ट साधी होती. एका एकट्या म्हातारीची शेळी कड्यावर चरायला जाते.

श्रीरंगने काय वाचलं! म्हातारीचा कापरा आवाज, वाऱ्याचा घोंगाट, शेळीचं बें बें... शेळीचा पाय निसटतो ती ओळ तर त्याने अशी काही फेकली की वर्ग टाळ्यांनी दणाणून गेला.

त्याने ऐटीत पुस्तक मिटलं.

गुरुजींनी ते हातात घेतलं, चष्मा पुसला आणि तीच गोष्ट पहिल्यापासून वाचायला लागले. आवाज बसलेला. मधेच खोकला. हातवारे नाहीत, बें बें नाही.

पाय निसटला, त्या ओळीशी ते थांबले...

पुढे बसलेल्या जनाईने तोंडावर हात धरला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आता म्हातारीला कोण हाय?"

तास संपल्याची घंटा झाली. कुणी उठेना. असं वाचणारा माणूस लाखात एखादाच, आणि तो आपल्या गावच्या शाळेला मिळाला होता.

मुलं गेल्यावर श्रीरंग उसनं हसला.

"गुरुजी, रागावू नका. पण तुमच्या वाचनाला एकसुद्धा टाळी पडली नाही."

"नाही पडली."

"आणि माझ्या?"

"दणक्यात पडल्या."

"मग तास माझाच ना?"

गुरुजींनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"श्रीरंग, म्हातारीची शेळी दरीत गेली रे... आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या."