राजा नदीशी बोलला

एका राज्यात ओकची झाडं राजघराण्याहून जुनी होती. राजा हुसेमा, राणी तोलुया, चार वर्षांची राजकन्या लिवी. महाल म्हणाल तर झाडाच्या सालींचं घर, खजिना म्हणाल तर ओकच्या फळांनी भरलेल्या कणग्या. ही फळं असतात कडू. बायका ती खडकातल्या उखळांत कुटत, पीठ वाळूच्या खळग्यात पसरत आणि कडूपणा जाईतो वरून पाणी ओतत. मग घट्ट विणलेल्या टोपलीत पीठ कालवून तापलेले दगड आत सोडत, की पेज रटरटू लागे. होय, टोपलीतच! पटत नसेल तर राहू द्या, मी काही थांबत नाही.

त्या राज्यात जावई सासूशी बोलत नसे, तिच्या तोंडाकडे पाहत नसे. हाच तिथला आदर. राजाच्या सासूबाई पेत्यामा, पेज करावी तर त्यांनीच. एके सकाळी पहिल्याच घोटाला राजाचं भान सुटलं. थेट त्यांच्याकडे बघून तो म्हणाला, "वा! काय पेज केलीत!"

अरे देवा! सासूबाईंनी सुपाने तोंड झाकलं. राणीने कपाळावर हात मारला.

रीतीभातींची राखण करी डोंगरमाथ्यावरचा मांत्रिक ओकुला. त्याने शाप दिला, आणि पीठ कितीही धुतलं तरी कडूजहर राहू लागलं. कणग्या भरलेल्या आणि माणसं उपाशी. लिवी घास थुंकून टाकी. तिसऱ्या दिवशी तिने घास मागणंच सोडलं, तेव्हा राजाच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

सुतार पक्षी दारात येऊन बोलला. त्या राज्यात पक्षी बोलत. "राजा, कामं तीन. ज्वालामुखीची काळी काच आण. माझ्यासारख्या पक्ष्यांची केशरी पिसं आण, उपटलेली नकोत, आपोआप गळालेली हवीत. आणि सासूबाईंच्या हातची गरम पेज माथ्यावर मांत्रिकाला पाज."

"आणि रीत मोडली तर?"

"तर शाप कायमचा."

राजाने काच आणली, तळहात कापून घेतले. झाडाखाली दिवसभर मान वर करून बसला, तेव्हा तीन पिसं पदरात पडली. दुसऱ्या सकाळी तो सरपण पाठीवर घेऊन निघाला. मागून वीस पावलांवर टोपली आणि पीठ घेऊन सासूबाई.

वाटेत नदी, नदीवर ओंडका. राजा काठावरची लोंबती फांदी धरून पार झाला. मागे पाय घसरल्याचा आवाज आला आणि सासूबाई किंचाळल्या. माथ्यावरून मांत्रिक गरजला, "वळून बघ! हाक मार, नाहीतर म्हातारी बुडेल!"

राजा वळला नाही. हातातली काठी त्याने पाठीमागे लांबवली आणि ओरडला, "हे नदीबाई! उजव्या हाताला फांदी आहे, ती धरावी! मग काठी आहेच!"

फांदी कडकड वाजली. काठीला हिसका बसला. मागून धापा टाकत आवाज आला, "नदीबाई, त्यांना सांग, काठी नीट धरा म्हणावं. किती डुगडुगतेय ती!"

राजाला हसू आलं आणि रडूही आलं.

माथ्यावर राजाने काच आणि पिसं नजराणा म्हणून मांत्रिकापुढे ठेवली. जाळ केला, दगड तापवले. सासूबाईंनी पेज शिजवली. ओकुलाने कडू घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि तरी टोपली रिकामी केली. "जीव जायच्या वेळीही आदर सोडला नाहीस," तो म्हणाला. "जा, पीठ धुवा."

खाली तिसऱ्या पाण्यालाच पीठ गोड झालं. लिवीने दोन वाट्या संपवल्या, तिसरी मागितली आणि घास तोंडात असतानाच पेंगली. राजा तिला मांडीवर घेऊन बसला.

चुलीपाशी पाठ करून बसलेल्या सासूबाई लेकीला म्हणाल्या, "तोलुया, विचार त्यांना. अजून वाढू का?"

राजा राणीला म्हणाला, "सांग त्यांना. भरपूर वाढा म्हणावं."