कोरडा गाल

"पण उस्ताद, बाहेर पडलेली हवा जाते कुठं?"

बाबालाल उस्तादांनी बशीतला चहा संपवला.

"आधी ती कुठून जाते ते सांग. कुठं जाते ते मागनं बघू."

तेच मला सांगता येत नव्हतं. म्हणून तर ट्रेलर घेऊन मी नागजच्या फाट्यावर, त्यांच्या पत्र्याच्या शेडपाशी आलो होतो.

गाडी माझ्या भावाची, मायाप्पादादाची. दादा काविळीनं गेला, त्याला अजून महिना झाला नव्हता. गाडी आता मीच चालवणार म्हणून मी घरात भांडलो. वैनी म्हणाली, "बिरू, रागात तू घरचं दार मोडलंस. गाडीचं काय करशील?" मग जरा थांबून म्हणाली, "सकाळी सगळी चाकं ताठ दिसली तर किल्ली तुझी. न्हाईतर गुरुवारी विजापूरचा माणूस गाडी बघायला येतोय, त्याला देऊन टाकते."

आज बुधवार होता.

या ट्रेलरला हवा आपोआप भरायची सोय आहे. इंजिनाजवळचा कंप्रेसर टाकी भरतो. टाकीतून नळ्या निघतात, एक्सलच्या पोटातून चाकांपर्यंत जातात. चाक जरा बसलं की टाकी त्याला हवा देते. रस्त्यावर सगळी चाकं दगडासारखी. फक्त हवा गळतेय सांगणारा समोरचा पिवळा दिवा जळत राहतो. सकाळी बघावं तर टाकी रिकामी आणि सगळीच चाकं थोडीथोडी बसलेली. एकाची गळती सगळ्यांच्या अंगावर.

"तू काय काय केलंस?"

"सगळे नट आवळले. साबणाचा फेस लावून बघितला. पुन्हा आवळले."

उस्ताद गाडीखाली वाकले. एकेका सांध्यावर बोट फिरवत पुढं गेले. तीन ठिकाणी थांबले.

"हे तीन तूच फोडलेस. पितळ हाय बाबा, लोखंड न्हवं. कुणाचा राग काढलास?"

मी पाना पाठीमागं धरला.

त्यांनी ते तीन नट बदलले. दिवा जळतच होता.

"तुझं झालं. आता गाडीचं बघू," ते म्हणाले. माझ्या हातातला पाना त्यांनी काढून घेतला, बाकड्यावर ठेवला आणि त्याच्यावरच बसले.

"उस्ताद, पाना..."

"असू दे. मला टोचत न्हाई."

"मग काम कसं करायचं?"

"इंजिन बंद कर."

"बंद केलं तर हवा उतरंल."

"उतरू दे की. चालती गाडी दुखणं सांगत न्हाई."

मी केबिनच्या पायरीवर पाय ठेवला, आणि तिथंच थांबलो.

"दादाबी तसाच होता," मी म्हणालो. "गाडीवर होता तोवर काय कळलं न्हाई. हसायचा, जेवण नको म्हणायचा, चहावर राहायचा. घरी येऊन झोपला तेव्हा डोळे पिवळे दिसले... आम्हाला आधी कळाय पायजे होतं का, उस्ताद?"

त्यांनी केबिनकडं बोट केलं.

"इंजिन बंद कर," ते पुन्हा म्हणाले.

मी बंद केलं.

फाट्यावरून गाड्या जातच होत्या. मी कान देऊन ऐकलं.

"मला काय ऐकू येत न्हाई."

"मलाबी न्हाई."

एकदा टायर फुटून उस्तादांचा एक कान गेला होता, हे फाट्यावर सगळ्यांना ठाऊक. दुसराही आता नावालाच होता.

"मग गळती सापडणार कशी?"

त्यांनी पाण्याच्या तांब्यात हात बुडवला आणि ओला हात आपल्या गालावरून फिरवला. मग उजवीकडच्या चाकांशी बसत, सरकत, प्रत्येक सांध्याजवळ गाल नेत गेले. आईनं तापलेल्या पोराजवळ गाल न्यावा, तसे.

"ही बाजू धडधाकट. डावीकडची तू बघ." त्यांनी तांब्या माझ्याकडं सरकवला.

मी सगळ्या चाकांजवळ गाल लावून आलो. कितीसा वेळ लागतो त्याला?

"काय न्हाई."

"गाल ओला केला होतास?"

मी तांब्याकडं पाहिलं.

"कोरड्या गालाला काय कळतंय?"

मला राग आला. म्हातारा खेळ करतोय, असं वाटलं. तांब्या तिथंच ठेवून मी तरातरा सगळ्यात मागच्या चाकाशी गेलो आणि खाली बसलो.

दादाची एक सवय होती. गाडी काढण्याआधी तो प्रत्येक चाकाच्या टोपीवर तळहातानं थाप मारायचा आणि नाव घ्यायचा. नावं आमच्या बाच्या मेंढ्यांची. काजळी, बांडी, चंद्री... हे शेवटचं चाक म्हणजे म्हातारी. ती मेंढी कायम मागं राहायची, आणि तिला आणायला बा मलाच पिटाळायचा. दादा हसायचा. म्हणायचा, "बिऱ्या, तुझी म्हातारी आली का बघ."

टोपीवर थापेची एक जागा चकचकीत झाली होती.

मी तिथं गाल टेकला. किती वेळ, ते ठाऊक नाही.

मग हनुवटीजवळ काहीतरी थंड लागलं. सुईएवढं. नाहीसं झालं. पुन्हा लागलं.

"इथं हाय! उस्ताद, इथं!"

टोपीच्या खालच्या कडेला एक बारीक भोक असतं. ते मुळातलंच, जादा हवा जायला ठेवलेलं, म्हणून मी तिथं फेस लावला नव्हता. आतल्या सांध्याचं रबर झिजलं होतं. हवा हक्काच्या दारानं बाहेर पडत होती.

उस्ताद उठून आले. वाटेत तांब्यापाशी थांबले. तांब्या तसाच भरलेला होता.

त्यांनी माझ्या गालाकडं पाहिलं, मग टोपीकडं.

"रबर बदलायचं. आधी या चाकातली हवा सोड."

मी व्हॉल्व्हवर हात ठेवला.

"न्हाई सोडायची."

"का?"

"शेवटची हवा दादानं भरलीय."

उस्ताद माझ्याशेजारी जमिनीवर बसले.

"त्यानंतर इंजिन कितीदा लावलंस?"

"...रोज."

"आणि दिवा?"

"जळतोय की."

जुनी हवा गळून रोज नवी भरली जात होती. मला कळत होतं. ते कळलं म्हणूनच मी ओरडलो, "तरीबी थोडी असंलच की आत!"

"असंल की," ते हळू म्हणाले. "म्हणून तर तू सोड. मी न्हाई."

मी व्हॉल्व्हची पिन दाबली. हवा सुटली. रबराचा, धुळीचा, तापल्या रस्त्याचा वास आला. मी तोंड बाजूला घेतलं नाही. आवाज बारीक होत गेला, आणि चाक हळूहळू खाली बसलं.

नखाएवढं रबर होतं ते. नवं घातलं. मग उस्ताद बाकड्याकडं गेले, पाना घेऊन आले आणि माझ्या हातात दिला.

"हातानं बसंल तेवढं बसव. मग वरून जरासं."

मी जरासंच आवळलं. त्यांनी तपासलं नाही.

इंजिन लावून टाकी भरली. म्हातारी उभी राहिली. पिवळा दिवा विझला. पुन्हा इंजिन बंद करून आम्ही चहा घेतला. ते बशीतून प्याले, मी टाकीच्या दाबाच्या काट्याकडं बघत. दुसरा चहा झाला, फाट्यावरची सावली शेडच्या या टोकाला आली, तरी काटा हलला नाही. उद्या सकाळी वैनीला मी काही सांगायची गरज नव्हती. तिनं अंगणात येऊन बघितलं की झालं.

मी केबिनमध्ये चढलो. किल्लीला हात घातला, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"उस्ताद, ते राहिलंच. बाहेर पडलेली हवा जाते कुठं?"

ते फडक्यानं हात पुसत होते. फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं.

"इंजिन चालू कर," ते म्हणाले. "आणि कंप्रेसर हवा कुठून ओढतो, ते बघ."