रत्नमालेचा मान

राजा अजिंक्यसेनापुढे बासुंदी आली ती वाटीच्या तळाशी! राजाने वाटी तिरकी केली, आत डोकावून पाहिलं आणि असा काही गरजला की आचाऱ्याच्या हातातला झारा कढईत पडला.

"चाळीस गाई आणि एवढीशी बासुंदी? रखमाजी गवळ्याला बोलवा!"

रखमाजी धावत आला. सोबत त्याची मुलगी हौसा. राजाच्या गोठ्यात धारा तीही काढायची.

"महिन्याभरात मोठा हंडा दुधाने काठोकाठ भरला पाहिजे! नाहीतर दूध आटलेल्या सगळ्या गाई बाजारात, आणि त्यांच्यामागोमाग तू!"

त्या आटलेल्या गाईंत हौसाची लाडकी ठिपकी होती. ठिपकीची आई गेली तेव्हा हौसानेच दुधात बोटं बुडवून तिला चाटवली, वाढवली.

"महाराज, सगळं दुखणं रत्नमाला गाईपास्नं..." रखमाजीने तोंड उघडलं.

"खबरदार! तिच्या दुधाने आमचा राज्याभिषेक झालाय! तिला आजारी म्हणायचं नाही, गोठ्यातून हाकलायचं नाही, आणि तिच्या मानाला धक्का लावायचा नाही!"

आता आली का पंचाईत! सगळं दुखणं त्या मानातच तर होतं. रत्नमालेच्या कासेला दगडीचा जुना रोग. कास टणक, दुधात गुठळ्या, औषधं देऊन वैद्य थकले. पण धारेचा पहिला मान तिचाच! तिची धार काढायची आणि त्याच ओल्या हातांनी पुढच्या गाईखाली बसायचं. मग तिलाही दगडी, तिच्या शेजारणीलाही. दर महिन्याला चार गाई बाजाराची वाट धरत, चार नव्या येत आणि त्यांचीही तीच गत होई. हे शेण काढणाऱ्यालाही ठाऊक होतं, पण राजाला सांगणार कोण?

घरी जाताना हौसा एकदम खुदकन हसली.

"आबा, दसऱ्याच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या म्होरं कोण असतं?"

"झाडूवाले. मग भालदार, चोपदार."

"आन् महाराज?"

"ते समद्यांच्या शेवटाला, हत्तीवर. पण तुझं काय चाललंय, पोरी?"

दुसऱ्याच दिवशी रखमाजीने विहिरीपलीकडे गवती छपराचा नवा गोठा उभा केला. दाराला तोरण लागलं, ताशा वाजला आणि रत्नमाला झूल पांघरून तिकडे राहायला गेली! तिची गव्हाण वेगळी, चरवी वेगळी, धार काढायला खास हौसाची आत्या. आणि तिची धार सगळ्यांच्या शेवटी. इकडे हौसा दर गाईनंतर कढत पाण्याने हात धुई. नुकती लागण झालेल्या गाईंची कास दिवसातून चारदा रिकामी करी. ठिपकी सुधारली, बऱ्याचजणी सुधारल्या. ज्या तिघी सुधारेनात, त्या रत्नमालेच्या सख्या म्हणून विहिरीपलीकडे गेल्या.

महिना संपला. हंडा उतू गेला! राजाने तीन वाट्या बासुंदी चापली आणि खुशीत प्रधानासह गोठ्यात आला. पाहतो तर रत्नमालेची जागा रिकामी, आणि तिच्याआधीच बाकीच्यांच्या धारा चाललेल्या!

"हाकललीत तिला? आणि धारही शेवटी काढता? हा अपमान!"

"महाराज," हौसा म्हणाली, "मिरवणुकीत झाडूवाले पुढं आन् तुमचा हत्ती शेवटी. मान कुणाचा मोठा?"

"अर्थात आमचा!"

"आन् तुम्ही वेगळ्या वाड्यात राहता, तुमचं ताट वेगळं, पाणी वेगळं. म्हणून काय गावानं तुम्हाला हाकललंय व्हय?"

प्रधानाने डोळेच मिटून घेतले. पण राजाला असं हसू फुटलं की मिशीला लागलेली बासुंदी थेट प्रधानाच्या अंगरख्यावर उडाली!

"माग, पोरी, काय हवं ते!"

हौसाने ठिपकीचं दावं हातात धरलं. राजाने ठिपकी तर दिलीच, वर दवंडी पिटवली की यापुढे हौसाला विचारल्याशिवाय गोठ्यातली एकही गाय बाजारात जाणार नाही!