सांधे दिसणारा खांब

एकदा एका नगरात एक वृद्ध वस्ताद राहत असत. मल्लखांबाच्या आखाड्यात त्यांनी तीन पिढ्या घडवल्या होत्या. अंगाने काटक, बोलण्यात तुटक. आणि शिष्याने लांबलचक प्रश्न विचारला की डोळे मिटून घेण्याची त्यांना सवय होती. ते विचार करत आहेत की त्यांना डुलकी लागली आहे, हे साठ वर्षांत कोणालाही खात्रीने सांगता आले नव्हते.

त्यांची एक शिष्या होती. बालपणी मल्लखांब शिकली आणि त्याच्याच बळावर पुढे पोलादी खांबावरचे नृत्य, ज्याला लोक पोल डान्स म्हणतात, तेही शिकली. लग्न झाले, गाव सुटले, पण सराव सुटला नाही. तो सुटला लेक झाल्यावर. कृत्तिका आता दहा महिन्यांची होती आणि हाताला लागेल ते धरून उभी राहत होती. खुर्ची, पडदा, केराची बादली, पाहुण्यांचे गुडघे, तिला काहीच वर्ज्य नव्हते.

घर भाड्याचे. छताला भोक पाडायचे नुसते नाव काढले तरी घरमालक छातीवर हात ठेवत. त्यामुळे छताचा आधार न घेता स्वतःच्या बैठकीवर उभा राहणारा खांब आणण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिष्येने चार महिने या विषयाचे अध्ययन केले. बैठक किती रुंद, वजन किती, खांब मुठीत नीट मावतो की नाही, सगळे तिला तोंडपाठ झाले. परंतु प्रत्येक खांबाचा विचार अखेर एकाच प्रश्नापाशी येऊन थांबे: आणि पडला तर? लेकीच्या अंगावर पडला तर? अशा रीतीने तिने अकरा खांब नाकारले, आणि या अवधीत नाचली मात्र एकदाही नाही. शेवटी तिने मनाशी ठरवले की आज निर्णय झाला तर ठीक, नाही तर नाच कायमचा सोडायचा. सोडून दिलेल्या गोष्टीची निदान काळजी तरी करावी लागत नाही!

लेकीला कडेवर घेऊन आणि मुद्दाम गावाहून बोलावून घेतलेल्या वस्तादांना पुढे घालून ती व्यायामसाहित्याच्या एका व्यापाऱ्याकडे गेली.

दुकानात दोन खांब उभे होते. व्यापाऱ्याने पहिल्यावर थाप मारली. "ताई, डोळे झाकून हा घ्या. सगळे जोड आतून बंद. कंपनीचा माणूस घरी येणार, उभा करणार, सील करणार. नंतर तुम्ही बोटसुद्धा लावायचं नाही. एकदा बसवला की विसरून जा."

शिष्येला हायसे वाटले. जबाबदारी दुसऱ्याने घेतली की आपली काळजी मिटते, असा तिचा समज होता. अनुभव वेगळा होता, तरीही समज टिकून होता.

"आणि तो दुसरा?"

"त्याच्या नादी लागू नका. सोळा बोल्ट आहेत त्याला. रोज खोला, रोज जोडा. लेकुरवाळ्या बाईनं पोर सांभाळायचं की बोल्ट आवळायचे?"

वस्तादांनी डोळे उघडले. "पाना आहे?"

व्यापाऱ्याने गोंधळून पाना दिला. वस्तादांनी जमिनीवर बसकण मारली आणि दुसऱ्या खांबाचा पहिला बोल्ट सैल केला. मग दुसरा. मग तिसरा.

"अहो बाबा! दाखवायला ठेवलाय तो!"

"मग दाखव की," वस्ताद म्हणाले आणि चौथ्या बोल्टला लागले.

पाहता पाहता खांबाचे तुकडे झाले. नळ्या एकीकडे, बैठकीच्या पाकळ्या दुसरीकडे, बोल्ट वस्तादांच्या टोपीत. इतर गिऱ्हाइके वळून पाहू लागली. शिष्येला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"वस्ताद, भक्कम कुठला ते विचारलं मी. खिळखिळा कुठला ते नाही!"

"उभा कर," एवढेच बोलून वस्तादांनी पाना तिच्या हातात दिला आणि कृत्तिकेला मांडीवर घेतले.

दुसरा इलाज नव्हता. ती खाली बसली. पाकळ्या जुळवल्या. एकेक बोल्ट आवळला, मग तोच पुन्हा आवळला, आणि पुढच्याकडे जाताना आधीचा राहिला तर नाही ना म्हणून मागे वळून तिसऱ्यांदा पाहिला.

"ताई, बोल्ट आहे तो," व्यापारी म्हणाला. "दहावीचा पेपर नाही."

ती ओशाळली, पण तपासणे तिने थांबवले नाही. एक पाकळी किंचित डुगडुगत होती. दुसरा कोणी असता तर त्याला ते जाणवलेही नसते. तिने बोल्ट काढून पाहिला, तर खालची रबरी चकती दुमडलेली होती. ती सरळ केली आणि पाकळी जमिनीला चिकटून बसली. खांब गोल फिरू नये म्हणून असलेला स्क्रू तिने आवळला. शेवटी चारही बाजूंनी सारा भार टाकून खांब ओढून पाहिला.

"चढ आता," वस्ताद म्हणाले. लेकीला कडेवर घेऊन ते उठले, एका हाताने पिशवीतून छोटी बाटली काढली, तिचे बूच दातांनी उघडले, तळव्यावर एरंडेल ओतले आणि मल्लखांबाला साठ वर्षे लावत आले तसे खांबाला लावायला निघाले.

"वस्ताद, थांबा! हात मागे घ्या!"

सारे दुकान दचकले. वस्तादांवर आजवर कोणी असे ओरडले नव्हते.

"ते लाकडाला!" शिष्या धापा टाकत म्हणाली. "पोलादाला तेल लावलंत तर मी वरून थेट खाली येईन. हा कोरडा लागतो, अगदी पुसून काढलेला."

वस्तादांनी आपल्या चकाकणाऱ्या तळव्याकडे पाहिले. मग तो आपल्याच गुडघ्याला चोळला. "बरं झालं. याची कुरकुर चाललीच होती," असे म्हणून ते खळखळून हसले.

शिष्येने स्वच्छ फडक्याने खांब पुसला आणि ती चढली. लेक झाल्यापासून पहिल्यांदाच हाताला पोलाद लागले. वर जाऊन तिने पायांची पकड घेतली आणि उलटी होऊन दोन्ही हात सोडून दिले. खांब जरासा हलला. तो हलणार हे तिला ठाऊक होते. किती हलणार, हेही ठाऊक होते. ती उतरली तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आले की वर असताना 'पडला तर?' हा प्रश्न मनात आलाच नव्हता.

"वस्ताद, हा भक्कम आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"मला काय ठाऊक! मी जन्मभर लाकूड पाहिलं," वस्ताद म्हणाले. "पण तुला मी ओळखतो, पोरी. ज्याचे सांधे बंद, त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि तो काही तुझा स्वभाव नाही. तो खांब घरी नेला असतास तर रोज त्याच्याकडे बघत बसली असतीस. हाताला काही काम नसलं की काळजी नुसती फुगते. तुला वाटतं, आधी काळजी जाईल, मग मी नाचेन. ती जाणार नाही. तू आई आहेस. पण त्या काळजीच्या हातात पाना दिलास तर शेवटच्या बोल्टापाशी तिचं काम संपतं, आणि मग ती तुला नाचू देते. आत्ता पाहिलंस ना? साठ वर्षं शिकवणारा मी खांबाकडे बघत होतो. माझ्या तळव्यातला धोका तुला दिसला. त्याला तू भित्रेपणा म्हणतेस. मी त्याला नजर म्हणतो."

"आणि ही?" शिष्येने लेकीकडे बोट केले. ती आता वस्तादांच्या मिशीला धरून उभी राहू पाहत होती.

"खांब उभा असेल तेव्हा ही कुणाच्या तरी कडेवर. ही जमिनीवर असेल तेव्हा खांब पलंगाखाली. म्हणून तर रोज खोलायचा."

व्यापारी पुढे सरसावला. "मग ताई, कंपनीचा माणूस कधी पाठवू?"

"नको, माणूस नको," शिष्या म्हणाली, "हाच द्या." आणि पाना उचलून ती शांतपणे खांबापाशी बसली. "मीच खोलते. उद्या घरी मलाच लावायचाय."

वाचकहो, जी चिंता घालवून जात नाही, तिला हाकलण्यात दिवस दवडू नयेत. तिला नेमके काम द्यावे, आणि ते झाले की निःशंकपणे आपल्या कामाला लागावे.